भरती-ओहोटी आधी, किलोमीटर नंतर : दोघांनी किनाऱ्याकाठची भटकंती कशी आखावी

भूशिराला वळसा घालून पलीकडे गेलो तेव्हा पायाखालची वाळू कोरडी होती. तासाभराने परत फिरलो तर त्याच जागी गुडघाभर पाणी, आणि नवऱ्याच्या गळ्यात दोघांचे बूट लेस बांधून लटकवलेले. लाटांकडे आमचं लक्ष होतंच. पण आम्हाला अडवलं ते मागून आलेल्या पाण्याने. वाळूच्या उंचवट्यामागे, कड्याच्या पायथ्याशी एक उथळ पन्हळ होती. ती हळूहळू भरत गेली आणि आम्ही उभे होतो तो भाग बेट झाला. एकमेकांचा हात धरून, खडकाला चिकटून, पुढे पुढे तर मांडीपर्यंतच्या पाण्यातून बाहेर आलो. गाडीत बसल्यावर बराच वेळ कोणीच बोललं नाही.

त्या सहलीची तयारी आम्ही मन लावून केली होती. रोजचे किलोमीटर, मुक्काम, बघायच्या जागा, सगळं वहीत होतं. भरती किती वाजता, एवढंच नव्हतं. तेव्हापासून आम्ही क्रम बदलला. आधी समुद्राच्या वेळा, मग आमचे पाय किती चालतील त्याचा अंदाज, आणि सर्वांत शेवटी गाडी. किनाऱ्यालगतच्या ग्रामीण भागात गाडीने जायचं, पण रोज काही तास चालायचं, सायकल मारायची, पाण्यात उतरायचं, असं ज्या दोघांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हा क्रम सविस्तर लिहिते आहे.

आधी दोन वेगळ्या याद्या

नकाशा उघडण्याआधी दोघांनी दोन वेगळे कागद घ्या आणि एकमेकांना न दाखवता लिहा. तीन गोष्टी अशा, की ज्या झाल्या नाहीत तर सहल अपुरी वाटेल. आणि तीन अशा, ज्या अजिबात नकोत. मग कागद शेजारी ठेवा. एकाच्या कागदावर ‘रोज सकाळी पोहणं’ असतं आणि दुसऱ्याच्या कागदावर ‘एक अख्खी दुपार काहीही न करता’. दोन्ही होऊ शकतं, फक्त ते आधी कळायला हवं. वाटेत, उन्हात, पोटात भूक असताना कळलं की त्याचं भांडण होतं.

याच बैठकीत भीतीबद्दलही बोलून घ्या. उंचीची, खोल पाण्याची, अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आल्यावर गाडी मागे घेण्याची. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी अशा गोष्टी माहीत असतीलच असं नाही. मला कड्याच्या काठावरून चालताना पोटात गोळा येतो, हे नवऱ्याला आमच्या दुसऱ्या सहलीत कळलं. मी तोवर पाय दुखतोय असं सांगून टाळत होते.

ताकदीचा अंदाज घेताना प्रश्न एकच विचारा: गेल्या महिन्यात सलग किती तास चाललो? कॉलेजात असताना किती चालायचो ते इथे धरू नका. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी एक पूर्ण दिवस तेच बूट, तीच पाठीवरची पिशवी घेऊन चालून बघा. बूट कुठे चावतात, पिशवीचा पट्टा कुठे घासतो, आणि दोघांपैकी कोण आधी थकतं, हे त्या एका दिवसात समजतं. जो आधी थकतो त्याच्या वेगाने सहल आखायची. यात कमीपणा काही नाही.

तारीख ठरवताना चंद्र बघा

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे आज ओहोटी सकाळी ११.४० ला असेल तर उद्या ती साधारण १२.३० ला येईल आणि परवा दुपारी १.२० च्या सुमारास. रोज सुमारे ५० मिनिटांची ही सरक सगळ्या आराखड्याचा कणा आहे. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते. भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी पाण्याचा चढउतार इतका थोडा असतो की त्याची फारशी चिंता नसते. उलट कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं. त्यामुळे आपण जातोय त्या किनाऱ्याचं वेळापत्रक आधी मिळवायचं. दुसऱ्या गावाचं चालणार नाही, कारण शेजारच्या खाडीतही वेळ बदलू शकते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बहुधा एक-दोन दिवसांनी, उधाण येतं. तेव्हा पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते आणि चढउतार कमी असतो. आता तुमच्या याद्या बघा. खडकांमधली डबकी, त्यातले खेकडे आणि समुद्रफुलं बघायची असतील, लांबलचक ओल्या पुळणीवरून चालायचं असेल, तर उधाणाचे दिवस निवडा. खाडीत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालणारी अरुंद होडी, चालवायची असेल, नवखे असाल, तर भांगाचे दिवस बरे, कारण तेव्हा पाण्याची ओढ कमी असते. शिवाय एकाच ठिकाणी उधाणाची ओहोटी दर वेळी दिवसाच्या साधारण त्याच सुमाराला येते. एखाद्या किनाऱ्यावर ती भल्या पहाटे आणि संध्याकाळीच येत असेल, तर दुपारी चालायचा बेत तिथे उधाणात जमणार नाही.

वेळापत्रक वाचताना दोन ठिकाणी चूक होते. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, तिथली काही वेळापत्रकं हा तास धरत नाहीत, म्हणून वर लिहिलेली सूचना वाचा. आणि ओहोटीची वेळ ही पाणी सर्वांत खाली असण्याची वेळ असते. त्या क्षणापासून पाणी परत फिरतं. ‘१२ वाजता ओहोटी आहे, म्हणजे १२ ला निघू’ असं करणाऱ्याला येताना पाणी गाठतं.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हेही लक्षात ठेवा. जुने दर्यावर्दी बारा भागांचा हिशोब करतात. सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे बारावे भाग चढतं. समजा चढउतार ४.८ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी ०.४ मीटर चढेल, दुसऱ्यात ०.८, तिसऱ्यात १.२ आणि चौथ्यातही १.२. म्हणजे ओहोटीनंतरचा पहिला तास संथ वाटतो आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात तेच पाणी कमरेच्या वर जातं. आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. हा ढोबळ हिशोब आहे. वारा आणि किनाऱ्याचा आकार तो बदलतात, म्हणून चुकायचंच असेल तर लवकर परतण्याच्या बाजूने चुका.

समुद्र कोणत्या हाताला?

रस्ता निवडताना हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण उपयोग रोज होतो. जिथे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तिथे समुद्र डाव्या हाताला राहील अशा दिशेने जा. जिथे उजव्या बाजूने चालतात तिथे उजव्या हाताला. मग समुद्राकडच्या थांब्यावर गाडी वळवताना समोरून येणारी रांग ओलांडावी लागत नाही, आणि शेजारी बसलेल्याला मोकळा समुद्र दिसतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक जण उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात ते याचसाठी. अर्थात या दिशेने गाडी दरीच्या काठाने जाते. जोडीदाराला उंचीची भीती असेल तर उलट दिशाच योग्य. थोडं दृश्य गेलं तरी चालेल.

पश्चिमेकडे तोंड करून संध्याकाळी गाडी चालवू नका. मावळतीचा सूर्य, काचेवरचं खारं पाणी आणि वळणाचा रस्ता, तिन्ही एकत्र आले की समोरचं काही दिसत नाही. त्या वेळी गाडी उभी असावी आणि तुम्ही बाहेर.

अंतराचा अंदाज नकाशावर चुकतो. किनारा जितका बारकाईने मोजावा तितका लांब भरतो. गणितज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या हे लक्षात आलं होतं आणि पुढे बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६७ साली ते जगासमोर नीट मांडलं. किनाऱ्याकाठच्या रस्त्याचंही तसंच आहे. प्रत्येक खाडीला आत जाऊन वळसा, प्रत्येक टेकाडावर चढउतार, मध्येच फेरीबोटीची वाट बघणं, गुरांचा कळप, ट्रॅक्टर. फोनमधला नकाशा जो वेळ दाखवेल त्यात निम्मा वेळ आणखी धरा. दिवसाला गाडीत एकूण दोन तास, फार तर अडीच, यापेक्षा जास्त नको. बाकीचा वेळ पायांसाठी हवा.

अरुंद रस्त्याचे शिष्टाचार आधी शिकून घ्या. एकच गाडी जाईल अशा रस्त्यावर मध्ये मध्ये रुंद जागा ठेवलेल्या असतात, त्या समोरच्याला वाट देण्यासाठी. फोटो काढायला तिथे गाडी लावली की गावातल्या माणसाचं काम अडतं. मागे गाड्या साचल्या की त्याच जागेत थांबून त्यांना पुढे जाऊ द्या. लांब उतारावर ब्रेकवर पाय दाबून ठेवण्यापेक्षा खालचा गिअर टाका. ब्रेक तापले की पकड कमी होते.

मुक्काम कमी, रात्री जास्त

सात दिवस असतील तर सात मुक्काम करू नका. तीन करा. एका जागी दोन-तीन रात्री राहिलं की सामान रोज बांधावं लागत नाही, ओले कपडे वाळतात, आणि आदल्या दिवशी वाऱ्याने हुकलेला बेत दुसऱ्या दिवशी करता येतो. प्रत्येक मुक्कामाच्या आसपास अर्ध्या तासाच्या टप्प्यात एक चालण्याची वाट, एक सायकलचा रस्ता आणि एक पाण्यात उतरण्याची जागा असावी. तिन्ही नसतील तर तो मुक्काम कितीही देखणा असला तरी सोडा.

सात दिवसांमधला एक दिवस कोरा ठेवा. त्यावर काही लिहू नका. पाऊस, पोटदुखी, फोड आलेले पाय किंवा नुसतंच एखाद्या जागेवर जडलेलं मन, यांतलं काहीतरी तो दिवस मागतंच. कष्टाचा दिवस आणि हलका दिवस आलटून पालटून घ्या. तिसऱ्या दिवशी शरीर सगळ्यात जास्त कुरकुरतं, म्हणून त्या दिवशी मोठी चढण नको.

खोली घेताना दोन गोष्टी विचारा: ओलं सामान आणि सायकली ठेवायला जागा आहे का, आणि पहाटे निघायचं असेल तर बाहेर पडता येईल का. समुद्र दिसणारी खिडकी नंतर. दिवसभर आपण समुद्रावरच असतो.

एक दिवस कागदावर मांडून बघू

वरचंच उदाहरण घेऊ. मुक्कामाचा पहिला दिवस, ओहोटी ११.४० ला. बेत असा: भूशिराला वळसा घालून पलीकडची छोटी पुळण बघायची.

८.४५ ला निघायचं, ९.३० ला किनाऱ्यावर. पाणी अजून उतरतंय. उतरत्या पाण्यामागे चालत जायचं, म्हणजे प्रत्येक पावलाबरोबर जागा वाढत जाते. ११ वाजता भूशिराच्या टोकाशी. पलीकडे जाऊन बसायचं, खायचं, पण ११.४० ला काहीही झालं तरी पाठ फिरवायची. इथे गजर लावा, दोघांच्याही फोनवर. साडेबाराच्या आत टोक ओलांडून मोकळ्या, मागे चढून जाता येईल अशा किनाऱ्यावर यायचं. दुपारचे दोन-अडीच तास सावलीत. भरती ६ च्या सुमाराला; तेव्हा कड्यावरच्या वाटेने, खालून लाटा आपटताना बघत, सूर्य मावळेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी ओहोटी १.२० ला आहे, म्हणजे त्याआधीची भरती सकाळी ७ च्या थोडी नंतर. हा दिवस खाडीत कयाकसाठी राखा. ६.१५ ला पाण्यात, चढत्या भरतीबरोबर खाडीत आत जायचं, ७ नंतर पाणी थबकलं की वळायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर परत यायचं. जाताना आणि येताना दोन्ही वेळा पाणी मदत करतं. वारा अजून सुरू झालेला नसतो. खाडीच्या मुखाशी मात्र जाऊ नका. तिथे ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समुद्राकडून वारा आला की लाटा उभ्या राहतात.

असा एकेक दिवस एका पानावर, वर भरती-ओहोटीच्या वेळा आणि सूर्यास्त, खाली बेत. गाडीचा वेळ सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत.

वाऱ्याची वेळ

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून खारा वारा येतो. तो सकाळी उशिरा सुरू होतो आणि दुपारी जोरात असतो. रात्री जमीन लवकर गार होते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. स्वच्छ उन्हाच्या दिवसांत हे चक्र स्पष्ट जाणवतं. मोठी हवामान प्रणाली आली की ते मोडतं, म्हणून अंदाज रोज संध्याकाळी बघायचाच.

पाण्यावरचं काम सकाळी. सायकल असेल तर आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा आणि येताना वारा पाठीवर घ्या. दमलेल्या पायांनी समोरचा वारा कापणं हे जोडप्याच्या संयमाची परीक्षा घेतं. सायकलवर बलवान माणूस पुढे आणि दुसरा त्याच्या आडोशाला, म्हणजे मागच्याचे कष्ट बरेच कमी होतात. चालताना उलट करा: हळू चालणारा पुढे. मागे राहिलेल्याला सारखं धावत गाठावं लागलं, आणि पुढच्याने विश्रांती संपवून त्याच्या येण्याबरोबर पुन्हा चालायला सुरुवात केली, की मागच्याला विश्रांती मिळतच नाही.

जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा सर्वांत फसवा. काठाजवळचं पाणी त्यात आरशासारखं शांत दिसतं, कारण मागचा कडा वारा अडवतो. शंभर-दोनशे मीटर आत गेल्यावर तोच वारा कयाकला, फुगवलेल्या तराफ्याला समुद्राकडे ढकलू लागतो. अशा दिवशी पाण्यात उतरू नका.

ब्रिटिश नौदलातले फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ साली वाऱ्याची श्रेणी जहाजाच्या शिडांवरून ठरवली होती. पाण्याच्या खुणा तिला नंतर जोडल्या गेल्या. ती अजून वापरतात. तुरळक पांढरे तुरे दिसू लागले की वारा तिसऱ्या श्रेणीत, ताशी १२ ते १९ किलोमीटर. सगळीकडे पांढरे तुरे दिसले की चौथ्या श्रेणीत, २० ते २८. नवख्यांनी तुरळक तुरे दिसताच किनाऱ्याकडे वळावं.

पायी

चालण्याच्या वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला हिशोब आजही पुरतो. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढणीला आणखी एक तास. थांबे वेगळे. किनाऱ्यावरच्या वाटा सपाट वाटतात, पण प्रत्येक घळीत उतरून पुन्हा चढावं लागतं. शंभर मीटरच्या सहा घळी म्हणजे ६०० मीटर चढण झाली. आणि कोरड्या मऊ वाळूत चालायला टणक जमिनीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त शक्ती लागते. नुकतंच पाणी उतरलेल्या ओल्या पट्ट्यावरून चाला, तिथे पाय रुतत नाही.

कड्याच्या काठापासून लांब राहा. आपण उभे आहोत त्याखालची माती लाटांनी पोखरलेली आहे का, ते वरून कधीच दिसत नाही. पावसानंतर दोन-तीन दिवस तर वरही नको आणि पायथ्याशी बसणंही नको. शेतातून वाट जात असेल तर फाटक जसं होतं तसं ठेवा. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. शेतकऱ्याने ते कारणाने तसं ठेवलेलं असतं. वासरू असलेल्या गाईच्या आणि वासराच्या मधून जाऊ नका. वाळूच्या टेकड्यांवरचं गवत तुडवू नका, त्या मुळांनीच ती वाळू धरून ठेवलेली असते. काही पक्षी उघड्या गोट्यांवर अंडी घालतात, आणि ती गोट्यांसारखीच दिसतात. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला तर पाय टाकायच्या आधी खाली बघा आणि आल्या वाटेने मागे फिरा.

पाण्यात

जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच पोहा. लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊ नका. जिथे जीवरक्षक नाही तिथे आधी दहा मिनिटं उंचावर उभं राहून पाणी बघा. लाटा दोन्हीकडे फुटतायत आणि मध्येच एक गडद, शांत पट्टा आहे, त्यातून फेस किंवा पानं बाहेर जाताना दिसतायत, तर तो आत ओढणारा प्रवाह आहे. नवख्याला हीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहत झगडू नका. तरंगा, हात वर करा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या. जोडीदार ओढला जात असेल तर पाठोपाठ उडी मारायचा मोह होतो, आणि त्यात दोघं जातात. तरंगणारी वस्तू फेका, ओरडून मदत बोलवा, नजर हटवू नका. हे घरी, निवांत बसून एकदा बोलून ठेवा, कारण तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

हवा गरम असली तरी पाणी थंड असू शकतं. थंड पाण्यात पडल्यावर साधारण पहिलं मिनिट श्वासावर ताबा राहत नाही, पुढची दहाएक मिनिटं हात-पाय उपयोगी हालचाल करू शकतात, आणि अतिथंड पाण्यातही शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो. म्हणून पहिल्या मिनिटात घाबरून धडपडू नका, श्वास ताळ्यावर येऊ द्या. लाईफ जॅकेट अंगात हवं, कयाकमध्ये ठेवलेलं नको. दोघांच्या कयाकमध्ये वजनदार माणूस मागे. कपडे पाण्याच्या तापमानाला शोभतील असे घाला.

गाडी आणि पिशव्या

सामान भरल्यावर चाकांतली हवा बदलावी लागते. भरलेल्या गाडीसाठी किती हवा ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. स्टेपनीची हवाही बघा. जड सामान डिकीत खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून. सायकली मागे लावल्या तर नंबरप्लेट आणि दिवे झाकले जात नाहीत ना ते तपासा. टपावर लावल्या असतील तर एका कागदावर गाडीची एकूण उंची लिहून चालकासमोर चिकटवा, कारण कमी उंचीच्या कमानीसमोर आल्यावर टपावरच्या सायकली आठवत नाहीत.

पुळणीवर गाडी उतरवू नका. भरतीची रेषा, म्हणजे वाळलेल्या शेवाळाची आणि काड्यांची ओळ, कुठपर्यंत आहे ते बघा आणि गाडी तिच्या बरीच वर लावा. उधाणात पाणी त्याही पुढे येतं. गाडी भाड्याची असेल तर विमा वाळूतल्या आणि पाण्यातल्या नुकसानीला लागू होतो का ते निघण्याआधी वाचा. अनेकदा होत नाही.

पिशव्यांबद्दल थोडंच सांगते. प्रत्येकाची आपली छोटी पिशवी, आपलं पाणी, आपली शिट्टी. एकाच पिशवीत सगळं ठेवलं आणि दोघं वेगळे झालात की एकाकडे काहीच नसतं. शिट्टीचा संकेत दोघांना माहीत असावा: मदत हवी तर मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन. डोक्याला लावायचा टॉर्च, वाऱ्याचं जॅकेट, फोडांसाठी पट्ट्या, कोरडे मोजे. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या आणि एक कागदी नकाशा ठेवा. किनाऱ्याच्या घळींत सिग्नल जातो. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक अनेक देशांत चालतो, पण आपण जातोय तिथला नंबर आधी लिहून ठेवा. रोजचा बेत आणि परतायची वेळ घरच्या एका माणसाला कळवा.

उन्हाचं विशेष सांगायला हवं. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत फेकते आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के, म्हणून टोपी घातली तरी हनुवटीखाली भाजतं. वाऱ्यामुळे ते जाणवत नाही. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर लगेच, एकमेकांच्या पाठीला, मानेला, कानाच्या मागे. आपला हात तिथे पोचत नाही.

गाडीतले दोघं

संध्याकाळी गाडी कोण चालवणार, हे सकाळीच ठरवा. ज्याला परत गाडी न्यायची आहे त्याने त्या दिवशी कयाकचं पुढचं, हलकं वल्हं घ्यावं, मोठी चढण टाळावी. आठ तास वाऱ्यात राहिलेला माणूस दमलेला दिसत नाही, पण पेंगतो. दर दोन तासांनी चालक बदला, अंतर थोडं उरलं असलं तरी. रस्ता सांगणाऱ्याने वळण आधी सांगायचं, गेल्यावर नाही. वळण चुकलं तर पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत कोणी काही बोलायचं नाही. आम्ही हा नियम पाळायला लागल्यापासून चुकलेल्या वळणांवर काही फार सुंदर जागा सापडल्या आहेत.

‘थांबू या’ हा शब्द आम्ही राखून ठेवला आहे. दोघांपैकी कोणीही म्हटला की थांबायचं किंवा परत फिरायचं. कारण विचारायचं नाही, समजावायचं नाही. त्याबद्दल बोलायचं ते संध्याकाळी. पाणी चढत असताना वाद घालायला वेळ नसतो, आणि ज्याला भीती वाटतेय त्याला ती शब्दांत मांडता येत नाही.

रोज एक तास वेगवेगळा काढा. एकाने खडकावर बसून चित्र काढावं, दुसऱ्याने पुळणीच्या टोकापर्यंत चालून यावं. चोवीस तास एका गाडीत, एका खोलीत, एका वाटेवर राहिलं की बोलायला नवं काही उरत नाही. त्या तासानंतर नवरा जेव्हा मूठ उघडून एखादा पांढऱ्या रेघेचा गोटा दाखवतो आणि तो कुठे सापडला ते सांगू लागतो, तेव्हा संध्याकाळ पुन्हा सुरू होते. गोटा बघून झाला की आम्ही तो जिथला तिथे ठेवून येतो.

परतीचा दिवस

शेवटच्या दिवशी काहीही आखू नका. दमलेलं शरीर आणि घरची ओढ या दोन गोष्टी एकत्र असताना गाडी चालवायची असते, तेव्हा लवकर निघा, उजेडात पोचा. निघण्याआधी सायकलच्या साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल लावा. लाईफ जॅकेट आणि बूट गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा. घरी पोचलात की एक-दोन दिवसांत गाडी खालून धुऊन घ्या. चाकांच्या कमानी, सांधे, जिथे मीठ आणि ओली वाळू अडकून बसते तिथे पाण्याचा झोत मारायला सांगा. आणि वहीतल्या प्रत्येक दिवसाच्या पानावर, आखलेल्या वेळेच्या शेजारी, खरी लागलेली वेळ लिहा. भूशिराला दीड तास धरला होता, किती लागला? पुढच्या वेळी तोच आकडा धरायचा आहे.